घरी बसलेली मतं

१७ फेब्रुवारी २००३, सोमवार

आजपासून रोजनिशी. देशात इतिहास घडत असताना गोदीतल्या माणसाने नुसतं वेल्डिंग करत बसू नये.

८ मार्चला सार्वमत. माल्टाने युरोपियन युनियनमध्ये जायचं की नाही? सरकारातला निळा पक्ष म्हणतो जाऊ या. आम्ही विरोधातले लाल म्हणतो, मुळीच नको. आज पक्षाच्या क्लबात आमचा गावचा सेक्रेटरी ऑर्लँडो याने सगळ्यांसमोर सांता मार्ता गल्ली माझ्या हवाली केली. गल्लीप्रमुख! दुसऱ्या कुणी हात वर केला नव्हता, यावरूनच पदाचं वजन कळतं.

आमच्या लीडरांचं म्हणणं सोपं आहे. युनियन म्हणजे लग्न, आपल्याला पार्टनरशिप पुरे. नकार द्यायचे तीन मार्ग: 'नाही'वर मत टाका, मत बाद करा, किंवा घरी बसा. तिन्ही सारखेच, असं ते म्हणतात. मी खोलात जाऊन विचार केला. सारखे नाहीत. 'नाही' म्हणायला गेलो म्हणजे त्यांचा प्रश्न तरी ऐकून घेतला. घरी बसलो की प्रश्नच उडाला. हे मी ऑर्लँडोला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. भारावला असावा.

संकल्प: अख्खी गल्ली घरी बसवणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुरुवात स्वतःच्या घरापासून. बायको चेट्टा निळी. माहेर निळं. तिची आई तर इतकी निळी, की टोमॅटोसुद्धा नाइलाजाने खायची.

आमच्या लग्नात पाद्र्यासमोर झालेल्या शपथा सोडून दोन घरगुती अटी होत्या. एक, स्वयंपाकघरात राजकारण नाही. दोन, प्रत्येक निवडणुकीला हातात हात घालून एकत्र जायचं. ती निळ्यांना मत देते, मी लालांना. एकमेकांचं मत कापून टाकतो आणि येताना रिकोटा चीज भरलेल्या गरम, खुसखुशीत पास्तित्सी आणतो. सत्तावीस वर्षांत देशाच्या कारभारात आमच्या घराचा वाटा शून्य. पण भांडण नाही.

राजकारण गच्चीवर चालतं, कपडे वाळत घालताना. आज मी मुद्दे काढले. म्हटलं, युनियनमध्ये गेलो की सिसिलीचे न्हावी येतील आणि आपले उपाशी मरतील. ती म्हणाली, आपल्या न्हाव्याने गेल्या महिन्यात तुझा कान कापला, येऊ देत त्यांना. म्हटलं, गोदीचं सरकारी अनुदान बंद होईल. ती म्हणाली, गोदीत शेवटचं जहाज कधी पाहिलंस ते आठव आधी. म्हटलं, जाळं लावून पक्षी धरायला बंदी येईल. ती म्हणाली, एकदा पक्ष्यांनाही विचार. शेजारच्या गच्चीवरून फ्रेडूची बायको खिदळली.

निष्कर्ष: चेट्टा डळमळीत झाली आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घरोघर प्रचार. सॅल्वू अपेक्षेपेक्षा जड गेला. गोदीतला माझा उस्ताद, आता रिटायर. बायको, दोन मुलगे, एक सून, सगळे जन्माचे लाल. म्हणाला, झारेन पोरा, 'नाही'वर खूण करायची म्हणून मी दिवस मोजतोय, आणि तू बस म्हणतोस? मी समजावलं, की खूण करणं ही भावना झाली, घरी बसणं हे धोरण. तो म्हणाला, मला धोरण नको, पेन्सिल हवी. चहाच्या दुसऱ्या ग्लासाला त्याचं मन वळलं. म्हणाला, तू वाचतोस-बिचतोस, तू सांगशील ते खरं.

निळ्यांच्या घरांत कमालीचा आदर. वाद नाही, बदामाची बिस्किटं, आणि निघताना 'बघू हं'. फ्रेडू त्यांचा गल्लीप्रमुख. तो तर मला दारापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, लालांना घरीच बसव, फारच छान कल्पना, सोडू नकोस. शत्रूलाही पटतंय म्हणजे बघा.

१ मार्च, शनिवार

हवालदार मतदानाची कार्डं घेऊन आला. दोघांची चेट्टाने घेतली, नेहमीसारखी. माझं कार्ड मी टीव्हीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं. निषेध. टीव्हीही स्थिर झाला. चेट्टाने विचारलं, आठ तारखेला काढशील ना? मी गूढ हसलो. ती म्हणाली, दाढ दुखतेय का?

८ मार्च, शनिवार. सकाळी

चेट्टा रविवारचा कोट घालून, पर्स घेऊन दारात. मी पायजम्यात. म्हणाली, चल. म्हटलं, मी बसलोय. म्हणाली, दिसतंय, ऊठ आता. मग धोरण उलगडून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, 'नाही'वर मत दे, माझं मत काप, पण बरोबर चल. मी एकटी कधी गेलेली नाही. आवाज जरा घोगरा होता, थंडी असावी. मी म्हटलं, देशापुढे नवरा-बायको असं काही नसतं. हे वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, म्हणून लिहितोय.

ती एकटी गेली.

दुपारी

बंद सज्जातून टेहळणी. सॅल्वूचं दार बंद. लालांची एकूण एक दारं बंद. ती शिस्त पाहून डोळे भरून आले. निळे मात्र झुंडीने चालले होते. फ्रेडूने तर आजीला खुर्चीसकट उचलून नेलं. बिचारे.

चेट्टा पास्तित्सी न घेताच आली.

९ मार्च, रविवार. दुपारी

मोजणी नाशारच्या हॉलमध्ये. तिथे प्लास्टिकच्या पारदर्शक भिंतीआडून दोन्ही पक्षांची माणसं मतपत्रिकांवर डोळा ठेवतात, आणि अंदाज आला की जिंकणारे त्या भिंतीवर हातांनी बडवायला लागतात. आज निळ्यांनी बडवलं. 'होय' पुढे. आमच्या क्लबात कुणी कुणाकडे बघेना. ऑर्लँडो मात्र माझ्याकडे बघत होता. म्हणाला, तुझ्या गल्लीत लालांचं एकही माणूस मतदानाला फिरकलं नाही, झारेन. मी म्हटलं, एकही नाही! त्याने डोळे मिटले.

संध्याकाळी

लीडर टीव्हीवर आले! म्हणाले, 'नाही' वाले, बाद वाले आणि घरी बसलेले एकत्र धरा, म्हणजे 'होय' निम्म्याच्याही आत. पार्टनरशिप जिंकली! हे तर माझंच गणित. क्लबात एकदम जीव आला. झेंडे निघाले, भोंगे सुरू. ऑर्लँडोने मिठी मारली आणि मला ट्रकवर चढवलं.

चौकात समोरून निळ्यांची मिरवणूक. तेही जिंकले होते. दोन विजयी मिरवणुका नाकासमोर नाक, मागे कुणीच घेईना. हवालदार शिट्टी तोंडात धरून नुसता उभा.

मग लाउडस्पीकर माझ्या हातात आला. गल्लीतल्या घरी बसलेल्या वीरांची नावं घेतली. सॅल्वू, टाळ्या. सॅल्वूची बायको, टाळ्या. नावं लवकर संपली, टाळ्या संपेनात. मग यादीत असून मत न दिलेले उरलेलेही घेतले. मेलबर्नला गेलेला न्हाव्याचा भाऊ. इस्पितळात पडलेला, चर्चची घंटा वाजवणारा. आणि दोलोरा, माझ्या सासूबाई. त्या नोव्हेंबरात वारल्या, पण मतदारयादीत नाव अजून आहे, तेव्हा हिशेबाने त्याही आमच्याच. हशा, टाळ्या, भोंगे.

निळ्यांच्या गर्दीत पुढेच चेट्टा उभी होती. मी झेंडा हलवला. तिने काही हलवलं नाही.

१० मार्च, सोमवार

चेट्टा गोझो बेटावर बहिणीकडे गेली, पावलिनाकडे. बॅग भरताना म्हणाली, माझी आई शेवटपर्यंत उशाशी निळा रुमाल घेऊन झोपायची आणि तू तिला लालांच्या ट्रकवर चढवलंस. घरी बसली म्हणालास. ती घरी बसलेली नाही, झारेन. ती मेली आहे.

काही लोकांना दुसऱ्याचा विजय पचत नाही. दोन दिवसांत येईल. या देशात घटस्फोट नाही, त्यामुळे मी निर्धास्त.

सरकारने निवडणूक लावली, १२ एप्रिल. निळे आले तर युनियन, आम्ही आलो तर पार्टनरशिप. आपण जिंकलेलोच आहोत, पण ठीक आहे, परत जिंकू.

१६ मार्च, रविवार

वरून आदेश: या वेळी प्रत्येकाने मत टाकायचंच. घरी बसणं म्हणजे गद्दारी. गल्लीत परत फेरी.

सॅल्वू गोंधळला. आधी बस म्हणालास, बसलो. आता ऊठ म्हणतोस. उद्या परत बस म्हणशील. मी म्हटलं, राजकारण हे असंच लवचीक असतं. तो म्हणाला, माझ्याच्याने हे होणार नाही. मी त्या दिवशी मतदानाच्या शाळेच्या फाटकाशी येईन आणि तुझ्याकडे बघेन. तू जे करशील ते मी करेन. याला म्हणतात निष्ठा.

१९ मार्च, बुधवार. सेंट जोसेफची सुट्टी

ओव्हनमध्ये मॅकरोनी केली. वरून कोळसा, आतून कच्ची. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास चालूच आहेत, म्हणून कडक उपास धरल्याचं सगळ्यांना सांगितलं. फ्रेडूच्या बायकोने माशाचं सूप पाठवलं. निळं सूप. शत्रूचा साठा कमी व्हावा म्हणून सगळं संपवलं.

गोझोला फोन. पावलिना म्हणाली, चेट्टा चर्चमध्ये आहे. काल चर्चमध्ये, परवा चर्चमध्ये. इतकी भाविक ती कधीच नव्हती.

३० मार्च, रविवार

घरात फार शांतता असते. शांततेमुळे प्रचारावर परिणाम होतो. म्हणून, निव्वळ पक्षाच्या कामासाठी, गोझोला गेलो. बोटीवर तिघांना पार्टनरशिप समजावली. अतिशय समंजस, मान डोलावत ऐकत होते. उतरताना कळलं, जर्मन पर्यटक.

पावलिनाने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, घरी बसणारे इथे पुष्कळ आहेत, आणखी नकोत. चेट्टा अंगणात शेंगा सोलत होती. मी विजयाचं गणित परत पहिल्यापासून मांडलं. ती सोलत राहिली. मग म्हणाली, मी तुला कधी निळ्यांना मत दे म्हटलंय? एकदा तरी? मी फक्त चल म्हणते. म्हटलं, येतो. बारा तारखेला, हातात हात घालून. ती म्हणाली, बघ हं. पहिल्या बोटीने बॅग घेऊन येईन. एकत्र गेलो तर बॅग घरात उघडीन. नाहीतर सोमवारी परत, आणि मग ईस्टरलासुद्धा माझी वाट बघू नकोस.

येताना बोटीत कुणाशी बोललो नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं.

८ एप्रिल, मंगळवार

प्रचाराची धुमाळी. सकाळी बाहेर पडतो ते अंधार पडल्यावर घरी. दारातून आत सरकवलेल्या पत्रकांचा ढीग साठलाय, त्यातली निम्मी माझीच. शुक्रवारी आवरू, चेट्टा यायच्या आधी.

गल्लीचा अंदाज: दणदणीत.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी आवराआवर. पत्रकांच्या ढिगात हवालदाराच्या दोन चिठ्ठ्या. दोनदा येऊन गेलो, घरी कुणी नव्हतं, या निवडणुकीचं नवं कार्ड गुरुवारपर्यंत चौकीवरून घेऊन जावं. गुरुवार म्हणजे काल.

पळत चौकीवर. हवालदार म्हणाला, मुदत संपली, कार्डं परत गेली. म्हटलं, मी गल्लीप्रमुख आहे. तो म्हणाला, तुम्हीच ना ते, सगळ्यांना घरी बसवणारे? मला वाटलं, या वेळीही तोच बेत आहे. मग म्हणाला, तुमच्या बाई बुधवारी गोझोहून येऊन स्वतःचं कार्ड घेऊन गेल्या. तुमचंही देऊ का विचारलं. म्हणाल्या, नको, तो स्वतः येईल, या वेळी तो विसरणार नाही.

बाकावर थोडा वेळ बसलो. मग योजना आखली. चेट्टाला काही सांगायचं नाही. हातात हात घालून फाटकापर्यंत जायचं आणि तिथे छातीत कळ. आजाऱ्याला कोण बोलतं?

१२ एप्रिल, शनिवार

चेट्टा पहिल्या बोटीने आली. तोच कोट, तीच पर्स. बॅग दारामागे ठेवली, उघडली नाही. मी लग्नातला सूट चढवला होता, बटणं सोडून. तिने माझी कॉलर नीट केली. हातात हात घालून निघालो. गल्ली बघत होती. महिनाभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी ठरल्याप्रमाणे कळ आणली. छातीवर हात, तोंडातून आवाज. चेट्टाने नीट पाहिलं आणि म्हणाली, काळीज डावीकडे असतं, झारेन. हात चुकलाय.

सांगून टाकलं. चिठ्ठ्या, चौकी, सगळं. वाटलं, आता बॅग उचलते. तर ती हसायला लागली. महिनाभरात पहिल्यांदा. भिंतीला टेकून हसली, डोळे पुसले, म्हणाली, अरे देवा, लालांचा सेनापती! बरं, माझं मी देऊन येते. इथेच थांब. आलास ना, झालं. येताना पास्तित्सी तू घ्यायच्या. आणि आत गेली. मी जिंकलो होतो. हे मात्र खरोखर.

तेवढ्यात सॅल्वू आला. मागे बायको, मुलगे, सून, आणि गल्लीतले बाकीचे लाल. सगळे चकचकीत कपड्यांत. सॅल्वूने मला फाटकाबाहेर उभा पाहिला. विचारलं, आत नाही गेलास? मी म्हटलं, नाही. त्याने विचारलं, जाणार आहेस? मी म्हटलं, नाही.

इथे एक वाक्य पुरलं असतं. 'माझं कार्ड राहिलं, तुम्ही व्हा पुढे.' पण समोर सगळी गल्ली. शेजारी फ्रेडू, कान टवकारून. गल्लीप्रमुखाने असं कसं म्हणायचं? मी गंभीर चेहरा केला आणि किंचित मान हलवली. सॅल्वूने डोळा मारला. म्हणाला, कळलं पोरा, वरचा आदेश. मागे वळून हळूच म्हणाला, चला रे, घरी बसायचंय. आणि सगळे शिस्तीत परत गेले.

चेट्टा बाहेर आली तेव्हा त्यांच्या पाठी दिसत होत्या. तिला लगेच कळलं. म्हणाली, पळ, सांग त्यांना. मी म्हटलं, आता बरं दिसणार नाही. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं मत चाललंय, आणि तुला दिसण्याचं पडलंय? मी बुटांकडे बघितलं. फ्रेडूने माझा हात हातात घेऊन दाबला आणि मनापासून आभार मानले.

पास्तित्सी आणल्या. तिने खाल्ल्या नाहीत. बॅग दारामागे तशीच.

१३ एप्रिल, रविवार

ईस्टरआधीचा रविवार, चर्चमध्ये ऑलिव्हच्या डहाळ्या वाटल्या. दुपारी निकाल. हरलो. या वेळी कुठल्याही बाजूने धरलं तरी हरलोच. माल्टा युनियनमध्ये चालला. निळ्यांचे भोंगे गल्लीतून संध्याकाळपर्यंत. चेट्टा बघायला सज्जात गेली नाही. तिने गोझोच्या बोटीची वेळ विचारली.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी ऑर्लँडोचा फोन. गल्ली काढून घेतली. म्हणाला, तुझ्याहून जास्त मतं आम्हाला त्या फ्रेडूने दिली असती.

चेट्टा कोट घालून, बॅग हातात घेऊन दारात, बसची वाट बघत. आणि सॅल्वू आला. दाढी-बिढी केलेली, खुशीत. म्हणाला, पोरा, टीव्हीवर काहीतरी हरलो-हरलो चाललंय. त्यांनी घरी बसलेले अजून धरलेले दिसत नाहीत. लीडर कधी येणार टीव्हीवर?

माझं उत्तर तयार होतं. चांगलं उत्तर होतं, लांबलचक. चेट्टा रस्त्याकडे बघत होती. तिच्या कोटाची पाठ बघितली आणि मला ते उत्तर येईना.

म्हटलं, सॅल्वू, घरी बसलेले कुणी धरत नाही. मागच्या वेळीही धरत नव्हते. आपण दोन्ही वेळा हरलो. तो म्हणाला, मग मी परवा कुणासाठी बसलो? म्हटलं, माझ्यासाठी. आदेश-बिदेश काही नव्हता. माझं कार्ड आणायचं राहिलं आणि ते सगळ्यांपुढे सांगायची मला लाज वाटली.

सॅल्वू टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, एवढंच होतं, तर सांगायचं ना रे. मी काय हसलो असतो? त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी ढसाढसा रडलो. थंडीने नाही, वाऱ्याने नाही.

बस आली, हॉर्न वाजवून गेली. चेट्टाने सॅल्वूला विचारलं, जेवायला थांबणार ना?

दुपारी

सॅल्वू जेवून गेला. चेट्टा माझ्याशी अजून बोललेली नाही. स्वयंपाकघरात मला पातेलं घासायला दिलं, तेही हाताने दाखवून. पण बॅग उघडली आहे. तिचे कपडे वरती दोरीवर वाळत आहेत, मघाशी मोजून आलो.

गल्ली गेली. देशही गेला. एक घर तेवढं राखलं. अर्धं निळं आहे, पण राखलं.